दूरसंदेशांतील काटकसर : विदासंक्षेपणाचा आढावा

एका इमारतीतील दोन संगणकांना जोडणारी तार आणि दोन शहरांतील, किंबहुना दोन खंडांतील, दफ्तरांना जोडणारी तार यांत पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने फारसा भेद नाही. भेद आहे तो मालकीचा आणि म्हणून हिशेबाचा. घरातली तार एकदा विकत घेतली की तिच्यावरून काय आणि किती गेले याची चौकशी कोणी करीत नाही. दूरच्या तारेचे मात्र, मग ती तांब्याची असो, काचतंतूची असो वा उपग्रहामार्फत आकाशातून ओढलेली असो, भाडे कोणाला तरी दरमहा किंवा दर अक्षरामागे चुकवावे लागते, आणि ज्या वस्तूचे भाडे चुकवावे लागते तिचा वापर जपून करण्याची बुद्धी मनुष्याला आपोआपच होते. संगणकांच्या परिभाषेत ज्याला वाइड एरिया नेटवर्क, संक्षेपाने वॅन, म्हणतात त्या दूरपल्ल्याच्या जाळ्यावरून जाणारा मजकूर पाठविण्यापूर्वी आकुंचित करावा आणि पोहोचल्यावर पुन्हा पूर्ववत करून घ्यावा, ही विदासंक्षेपणाची, म्हणजे व्यवहारातल्या डेटा कॉम्प्रेशनची, कल्पना याच काटकसरीतून जन्माला आली. ती कितपत फलद्रूप होते, कोणत्या ठिकाणी अंमलात आणावी, आणि तारा स्वस्त झालेल्या व मजकूर कुलूपबंद होऊन निघू लागलेल्या आजच्या काळात तिचे काय उरले, या तीन प्रश्नांचा परामर्श येथे घ्यावयाचा आहे. गेल्या दीडशे वर्षांत साधने पार पालटली, तरी ज्या दोन बाबींवर निकाल लागतो त्या पालटलेल्या नाहीत : तारेचे भाडे आणि टोकांवर करावे लागणारे श्रम यांचा ताळेबंद ही एक, आणि दोन्ही टोकांना अगोदरपासून समाईक असे काय ठाऊक आहे, ही दुसरी.

या काटकसरीचा प्रारंभ संगणकापासून धरला तर निम्मा इतिहास हातचा जाईल. १८६६ साली अटलांटिक महासागराच्या तळाशी टाकलेली तार अखेर टिकाऊ ठरली तेव्हा वीस शब्दांच्या संदेशाला वीस पौंड असा दर होता. १८७० मध्ये ‘ग्रेट ईस्टर्न’ या प्रचंड जहाजाने मुंबई ते एडन समुद्री तार टाकून मुंबईच्या बाजाराला विलायतेशी जोडले, तेव्हाही शब्दागणिक पडणारा आकार सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचाच होता. व्यापाऱ्यांनी यावर जी तोड काढली ती संकेतकोशांची. माल खरेदी झाला, जहाज सुटले, हुंडी नाकारली गेली, अशा नित्य लागणाऱ्या वाक्यांना एकेक कृत्रिम शब्द बहाल करावयाचा, कोशाची एक प्रत मुंबईच्या पेढीत व दुसरी लंडनच्या पेढीत ठेवावयाची, आणि तारेवरून फक्त तो शब्द पाठवावयाचा, अशी ती पद्धत होती. १९०६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बेंटले यांच्या कोशात प्रत्येक वाक्याला पाच अक्षरांचा संकेत दिलेला होता, आणि दहा अक्षरांपर्यंतचा संकेत एकच शब्द म्हणून आकारण्याचा शिरस्ता असल्यामुळे दोन वाक्ये एका शब्दाच्या दरात पलीकडे जात. आपल्या तारखात्यानेही दिवाळीच्या, विवाहाच्या, परीक्षेतील यशाच्या शुभेच्छांना क्रमांक देऊन ठेवले होते. पाठविणाऱ्याने क्रमांक सांगावा आणि पलीकडच्या तार-कार्यालयाने पूर्ण वाक्य लिहून घरपोच करावे, हा व्यवहार २०१३ च्या जुलैत तारसेवा बंद झाली तरी जुन्या पिढीच्या स्मरणात आहे.

परंतु ज्या संक्षेपाने खर्च वाचतो तोच संक्षेप चुकीला किती निराधार करून सोडतो, याचीही नोंद त्याच काळाने करून ठेवली आहे. फिलाडेल्फियाचे लोकरीचे व्यापारी प्रिमरोझ यांनी आपल्या अडत्याला पाठविलेल्या सांकेतिक तारेत ‘मी खरेदी केली आहे’ या अर्थाचा ‘बे’ हा शब्द होता. वाटेत एका टिंबाच्या फरकाने त्याचा ‘बाय’ झाला, अडत्याने तो खरेदीचा हुकूम समजून सुमारे तीन लाख पौंड लोकर विकत घेतली, आणि वीस हजार डॉलरांहून अधिक नुकसान झाले. हा मामला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १८९४ मध्ये निकाल तार-कंपनीच्या बाजूने लागला, कारण तार उलट पाठवून पडताळून पाहण्याचे जादा शुल्क प्रिमरोझ यांनी भरलेले नव्हते. सामान्य भाषेतील वाक्यात एखादे अक्षर बिघडले तरी शेजारची अक्षरे त्याची साक्ष देतात. संकेतात अशी साक्ष द्यायला कोणी उरत नाही. पुढील सर्व यंत्रयुगात संक्षेपण आणि त्रुटिशोधन ही दोन शास्त्रे जोडीनेच का चालावी लागली, याचे कारण या एका खटल्यात सामावलेले आहे.

या अनुभवसिद्ध व्यवहाराला गणिताचे अधिष्ठान दिले ते क्लॉड शॅनन यांनी. बेल प्रयोगशाळेच्या नियतकालिकात १९४८ साली दोन हप्त्यांत प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रबंधाने असे दाखवून दिले की प्रत्येक संदेश-उगमाला एक मोजता येण्याजोगी अनिश्चितता असते, ती बिटांत सांगता येते, आणि मूळ मजकूर जसाच्या तसा परत मिळावयाचा असेल तर सरासरीने त्या मर्यादेच्या खाली कोणालाही उतरता येत नाही. १९५१ च्या एका लेखात त्यांनी छापील इंग्रजीची ही अनिश्चितता, मागचा पुरेसा मजकूर ठाऊक असल्यास, अक्षरामागे ०.६ ते १.३ बिट इतकी अल्प ठरविली. संगणक तेच अक्षर सर्रास आठ बिटांत साठवितो, यावरून काटकसरीला किती वाव आहे याचा अंदाज येतो. मात्र याच विचाराची दुसरी बाजू विक्रेते सांगत नाहीत. दहा बिटांचे एकूण १,०२४ संदेश होतात आणि दहाहून कमी बिटांचे, रिकामा संदेश जमेस धरूनही, केवळ १,०२३. म्हणजे प्रत्येक संदेश हटकून लहान करील अशी युक्ती असणेच अशक्य. जी पद्धत काही संदेश आखूड करते ती अन्य काही संदेश लांब करते, आणि तिची सारी किंमत, आपल्या तारेवरून प्रत्यक्षात कोणत्या जातीचे संदेश जातात, यावर अवलंबून असते.

या मर्यादेच्या जवळ जाण्याचे दोन मार्ग निघाले. पहिला मार्ग वारंवारतेचा : जे चिन्ह पुनःपुन्हा येते त्याला आखूड संकेत, जे क्वचित येते त्याला लांब. मोर्सच्या लिपीत ‘ई’ या अक्षराला एकच टिंब मिळाले ते याच न्यायाने. डेव्हिड हफमन या मॅसॅच्युसेट्स येथील विद्यार्थ्याने प्राध्यापक फानो यांच्या वर्गासाठी लिहिलेल्या निबंधात या न्यायाची निर्दोष रीत शोधून काढली आणि ती १९५२ मध्ये प्रसिद्ध झाली. दुसरा मार्ग पुनरुक्तीचा, आणि दूरपल्ल्याच्या तारांच्या दृष्टीने तोच अधिक फलदायी ठरला. हैफा येथील याकोब झिव आणि अब्राहम लेम्पेल यांनी १९७७ व १९७८ साली असे प्रतिपादन केले की संकेतकोश अगोदर छापून दोन्ही टोकांना धाडण्याची गरजच नाही. जो मजकूर एकदा तारेवरून गेला तोच पुढच्या मजकुराचा कोश. जमाखर्च लिहिणारा कारकून तीच बाब पुन्हा आली की ‘मागीलप्रमाणे’ एवढेच लिहितो आणि वाचणाऱ्याजवळ तेच मागील पान असल्यामुळे घोटाळा होत नाही, त्याप्रमाणे प्रेषक यंत्र ‘इतकी अक्षरे मागे जाऊन इतकी उचला’ एवढाच निर्देश पाठविते. टेरी वेल्च यांनी १९८४ मध्ये या रीतीला यंत्रात सुलभपणे बसेल असे रूप दिले. फिल कॅट्झ यांच्या डिफ्लेट पद्धतीत दोन्ही मार्गांचा संगम झाला, आणि १९९६ मध्ये तिचा आराखडा सार्वजनिक दस्तऐवज म्हणून नमूद होऊन ती इंटरनेटची जणू सामाईक मिरास बनली. वेल्च यांच्या रीतीवर पेटंटाचा हक्क असल्याने तिच्या वापरात विघ्ने आली होती; डिफ्लेट त्या तगाद्यातून मोकळी राहिली हे तिच्या प्रसाराचे एक मोठे कारण होय.

या सिद्धान्तांचा दूरच्या तारांवर पहिला व्यापक प्रयोग मॉडेमांनी केला. टेलिफोनच्या तारेवरून सेकंदाला काही हजार बिटच जाऊ शकत. भारताचा संशोधन-जगताशी जो पहिला इंटरनेट-संबंध १९८९ च्या सुमारास जुहू येथील नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी या संस्थेतून अमेरिकेतील यूयूनेटशी जुळला त्याचा वेग ९,६०० बिट होता, आणि १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांना ही सेवा खुली केली तेव्हा डायल-अप ग्राहकाच्या वाट्याला आलेला वेगही तेवढाच. त्या वेगाने एक मेगाबाइट मजकूर जायला सुमारे पंधरा मिनिटे लागतात. तो निम्मा करता आला तर भाड्याचे आणि प्रतीक्षेचे निम्मे ओझे उतरते, हा हिशेब समजायला गणितज्ञ लागत नाही. मायक्रोकॉम कंपनीची एमएनपी-५ ही पद्धत आणि तिच्यामागून १९९० मध्ये आंतरराष्ट्रीय शिफारस म्हणून मान्य झालेली व्ही.४२ बिस, या दोहोंनी हे काम मॉडेमच्या पोटात नेऊन बसविले. पहिल्या पद्धतीत एक दोष होता : अगोदरच आकुंचित केलेली फाइल तिच्या स्वाधीन केली तर ती फुगून बाहेर पडे. दुसरीने, मजकूर दबत नाही असे दिसताच तो आहे तसा जाऊ देण्याची तरतूद केली, आणि वर सांगितलेल्या गणिती मर्यादेपुढे विनयाने मान तुकविली. भाड्याच्या कायम तारांवर राउटरांनी हेच कार्य हाती घेतले. फ्रेम रिलेसाठी एफआरएफ.९ हा करार झाला, आणि दोन टोकांनी कोणती पद्धत वापरावी याची बोलणी करण्याचा नियम १९९६ मध्ये लेखी नमूद झाला.

तारेच्या पातळीवरील या पद्धतीत एक अंतर्गत विरोध होता. कोश जितका मागच्या मजकुरावर आधारलेला तितका लाभ मोठा. परंतु मजकूर ज्या लहान तुकड्यांत, म्हणजे पाकिटांत, धाडला जातो त्यांपैकी एखादे पाकीट वाटेत गहाळ झाले तर दोन्ही टोकांचे कोश विसंवादी होतात आणि पुढचे सारे अनर्थक ठरते, म्हणून कोश पुसून नव्याने आरंभ करावा लागतो. प्रत्येक पाकीट स्वतंत्रपणे दाबावे तर गहाळ होण्याची धास्ती नाही, पण काही शे बाइटांच्या पाकिटात पुनरुक्ती ती कितीशी असणार? मजकुराला मुलखातून अनेक राउटर ओलांडावयाचे असल्यास प्रत्येक टप्प्यावर तो उलगडून पुन्हा घडी घालावी लागे, आणि त्या काळच्या राउटरातील प्रोसेसर हे काम करता करताच दमून जाई. तार जसजशी रुंद झाली तसतसे तिच्यापेक्षा घडी घालणाराच हळू पडू लागला. समजा, एखादी पद्धत सेकंदाला तीन अब्ज बिट दाबू शकते : दोन मेगाबिटच्या तारेवर ती निःसंशय लाभाची, परंतु दहा गिगाबिटच्या तारेवर तीच अडसर होऊन बसेल. संक्षेपणाची योग्यता तारेच्या वेगाशी तुलना केल्याखेरीज ठरत नाही, हे या उदाहरणावरून स्पष्ट व्हावे.

याच सुमारास एका निराळ्या ठिकाणच्या उधळपट्टीकडे लक्ष गेले. इंटरनेटवरील प्रत्येक पाकिटाच्या माथ्यावर पत्ते, क्रमांक आणि पडताळ्याचे आकडे यांचा एक मथळा असतो. साधारण टीसीपी पाकिटात तो ४० बाइटांचा भरतो, आणि एकाच संभाषणातील लागोपाठच्या पाकिटांत त्याचा बहुतेक भाग जसाच्या तसा पुन्हा येतो. व्हॅन जेकबसन यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या रीतीने हा मथळा तीन ते पाच बाइटांवर आणला : जे बदलले तेवढेच कळवावे, उरलेले पलीकडच्याने मागच्यावरून समजून घ्यावे. बोलण्याच्या वाहतुकीत हा लाभ अधिकच डोळ्यांत भरतो. जी.७२९ पद्धतीने आवाज सेकंदाला केवळ आठ हजार बिटांत मावतो. दर वीस मिलिसेकंदांच्या बोलण्याचा ऐवज होतो वीस बाइट, आणि त्यावर मथळा चाळीस बाइटांचा, म्हणजे मालापेक्षा वेष्टन दुप्पट आणि आठ हजारांच्या जागी चोवीस हजार बिटांचा भार. मथळा दोन बाइटांवर आणला तर तोच भार ८,८०० वर येतो. बिनतारी दुव्यांवर पाकिटे वरचेवर हरवतात हे ध्यानी घेऊन २००१ मध्ये अधिक सहनशील अशी आरओएचसी ही पद्धत सिद्ध झाली, आणि मोबाइल जाळ्यांतून चाललेल्या संभाषणांत तिचा उपयोग आजही होतो. मथळ्यांचे संक्षेपण फारसे गाजले नाही, परंतु अरुंद तारेवरील त्याची किफायत निर्विवाद आहे.

येथे एका सार्वत्रिक गैरसमजाचे निराकरण करणे अवश्य आहे. दूरचा व्यवहार मंद वाटतो तो तार अरुंद असल्यामुळेच, असे मानण्याचा प्रघात पडला आहे. पण अंतर हा स्वतंत्र अडथळा असून संक्षेपणाने त्यातले एक पाऊलही कमी होत नाही. काचतंतूत प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे दोन लक्ष किलोमीटर असतो. मुंबई आणि न्यूयॉर्क यांच्यातील सरळ अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर धरले तर केवळ जाऊन येण्यास १२५ मिलिसेकंद लागावेत, आणि तारांचे वळसे व मधली यंत्रे यांमुळे प्रत्यक्षात हा काळ २०० च्या घरात जातो. एखादी फाइल उघडण्यासाठी दोन संगणकांना पाचशे वेळा प्रश्नोत्तरे करावी लागत असतील तर शंभर सेकंद केवळ वाट पाहण्यात जातील, प्रत्येक प्रश्न दाबून एका बाइटाचा केला तरीही. तसेच, उत्तराची वाट न पाहता एका वेळी ६४ किलोबाइटच पाठविण्याची मुभा असलेला जुना टीसीपी अशा अंतरावर सेकंदाला सुमारे २६ लक्ष बिटांच्या पलीकडे जाऊ शकत नाही, मग तार कितीही रुंद घ्या. वेगाच्या तक्रारीचे मूळ रुंदीत आहे की अंतरात, याचा निवाडा केल्याशिवाय संक्षेपणाची यंत्रे विकत घेणाऱ्या संस्थांची निराशा झाली ती याच कारणाने.

या दोन्ही दुखण्यांवर एकत्र उपचार करण्याचा दावा एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी ज्या यंत्रांनी केला त्यांना वॅन ऑप्टिमायझर असे नाव पडले, आणि संक्षेपणाच्या इतिहासातील हे प्रकरण सर्वांत कुतूहलजनक आहे. त्याची बौद्धिक पूर्वपीठिका तीन ठिकाणी सापडते. कॅनबरा येथे अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी १९९६ मध्ये आरसिंक ही रीत मांडली, जीत दोन टोकांवरील फाइलींच्या तुकड्यांचे ठसे ताडून फक्त बदललेले तुकडेच पाठविले जातात; २००० मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाच्या स्प्रिंग व वेदरॉल यांनी, कोणत्याही जातीच्या वाहतुकीतील पुनरुक्ती मधल्या मधे हेरून काढण्याची युक्ती प्रसिद्ध केली; आणि २००१ मध्ये एमआयटी व न्यूयॉर्क विद्यापीठ यांच्या संशोधकांनी सरासरी आठ किलोबाइटचे तुकडे पाडून अरुंद तारेवर चालणारी फाइल-व्यवस्था उभी केली. तुकड्यांच्या सीमा ठरावीक लांबीवर न आखता मजकुराच्याच अंगच्या खुणांवरून आखाव्यात, म्हणजे आरंभी चार अक्षरे घुसडली तरी पुढचे तुकडे ओळखीचे राहतात, ही यातली मार्मिक गोष्ट. झिव-लेम्पेल यांचा कोश काही हजार बाइटांचा. या यंत्रांनी अख्ख्या डिस्कलाच कोश बनविले आणि आठवड्यापूर्वी गेलेला दस्तऐवज आज पुन्हा निघाला तर त्याच्याऐवजी काही ठसे तेवढे तारेवर घातले. अमित सिंग यांच्या पेरिबिट कंपनीने जनुकांच्या साखळ्यांत पुनरावृत्ती शोधण्याची विद्या या कामी लावली आणि २००५ मध्ये ती कंपनी जुनिपरने घेतली. २००२ मध्ये स्थापन झालेल्या रिव्हरबेडने २००४ पासून आपली यंत्रे बाजारात आणली, आणि फाइल-व्यवहारातील निरर्थक प्रश्नोत्तरे जवळच्या जवळ मिटवून अंतराच्या अडथळ्यालाही वळसा घातला. शाखांतील सर्व्हर उचलून एका ठिकाणी आणण्याची त्या काळातील मोठ्या संस्थांची मोहीम बऱ्याच अंशी या यंत्रांच्या भरवशावर पार पडली.

या वैभवाला उतरती कळा लागली ती गुप्तलेखनाच्या प्रसारामुळे. उत्तम रीतीने एन्क्रिप्ट केलेला मजकूर यदृच्छ अंकांसारखा दिसतो; त्यात वारंवारता नाही, पुनरुक्ती नाही, म्हणून तो दबतही नाही. तेव्हा आधी संक्षेपण आणि मग गुप्तलेखन हाच क्रम शक्य राहतो. जोवर दफ्तराच्या आतला मजकूर उघडा असे तोवर मधल्या यंत्राला तो वाचता येई. पण इंटरनेटवरील सरकारी पाळतीच्या २०१३ मधील गौप्यस्फोटानंतर आणि २०१५ पासून लेट्स एन्क्रिप्टने प्रमाणपत्रे विनामूल्य देण्यास आरंभ केल्यानंतर जवळजवळ सर्वच वाहतूक उगमापाशीच कुलूपबंद होऊ लागली. यंत्राला किल्ल्या सोपवाव्यात तर सुरक्षेचा प्रश्न, न सोपवाव्यात तर यंत्र आंधळे. त्यातच तारांचे भाडे घसरत गेल्याने वाचवावयाची रक्कमही लहान झाली. रिव्हरबेडला २०२१ च्या नोव्हेंबरात दिवाळखोरीच्या कायद्याचा आश्रय घ्यावा लागला, त्याला कर्जाचा बोजा व अन्य कारणेही असतील. परंतु ज्या व्यवसायावर ती कंपनी उभी राहिली त्याची जमीन तोवर खचलेली होती, हे नाकारता येणार नाही.

संक्षेपण आणि गुप्तता यांचे वैर याहूनही खोल आहे. मजकूर जितका ओळखीचा तितका तो आखूड होतो. म्हणजेच लांबी ही स्वतःच एक बातमी ठरते. जॉन केल्सी यांनी २००२ मध्येच या धोक्याची सूचना दिली होती, आणि २०१२ मध्ये हुलियानो रिझो व थाय डुओंग यांनी ‘क्राइम’ या नावाने तो प्रत्यक्ष करून दाखविला. आक्रमकाने वापरकर्त्याच्या संदेशात आपला एखादा अंदाज घुसवावा आणि कुलूपबंद पाकिटाची लांबी बाहेरून मोजावी. अंदाज गुप्त अक्षरांशी जुळला तर पुनरुक्ती वाढून पाकीट आखूड होते, आणि एकेक अक्षर करीत सारे गुपित हाती येते. पुढच्याच वर्षी ‘ब्रीच’ने हाच डाव वेबपृष्ठांच्या मजकुरावर टाकला. परिणामी वेबवरील गुप्तलेखनाच्या २०१८ च्या टीएलएस १.३ या नियमावलीतून संक्षेपणाला अजिबात रजा मिळाली, आणि एचटीटीपी/२ च्या मथळ्यांसाठी २०१५ मध्ये जी एचपॅक रीत योजली गेली तिने हा हल्ला टाळण्यासाठी डिफ्लेटचा मोह बुद्ध्या आवरला.

मग संक्षेपण लोपले काय? लोपले तर नाहीच, उलट ते पूर्वी कधी नव्हते इतके सर्वव्यापी झाले. फक्त तारेच्या मध्यातून निघून तिच्या टोकांशी जाऊन बसले. चित्रे, ध्वनी आणि चलच्चित्रे जन्मतःच आकुंचित असतात. नासिर अहमद व त्यांचे सहकारी यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या कोसाइन रूपांतरावर जेपेग आणि बहुतेक चित्रफितींच्या पद्धती उभारलेल्या आहेत, आणि डोळ्याला न जाणवणारा तपशील टाकून देण्याची मुभा असल्याने त्यांचा लाभ कित्येक पटींचा आहे, जी मुभा बँकेच्या खात्याला कधीच मिळणार नाही. वेबपृष्ठांसाठी जीझिपच्या जोडीला गूगलचे ब्रॉटली आले, आणि फेसबुकमध्ये यान कोलेट यांनी सिद्ध केलेले झीस्टँडर्ड वेग व संक्षेप यांचा मेळ घालण्यात सरस ठरले. वेगाचा हा आग्रह काही ठिकाणी निर्णायकच असतो. मुंबईच्या नॅशनल स्टॉक एक्स्चेंजने १९९४ मध्ये व्हीसॅट थाळ्यांच्या द्वारे देशभरच्या दलालांना एका बाजारात आणले. भूस्थिर उपग्रहाकडे जाऊन परतायलाच पाव सेकंद लागतो, आणि भाव तर क्षणोक्षणी बदलतात. तेथील भावप्रसारणाच्या पाकिटांसाठी एलझेडओ ही पद्धत वापरली गेली, जी सर्वांत अधिक दाबणारी नव्हे, पण विलक्षण वेगाने उलगडणारी आहे.

देवनागरी वाचकाला या विषयाचा एक खास संबंध पोहोचतो. १९९१ च्या इस्की मानकात आपल्या अक्षराला एक बाइट पुरत असे. आज सर्वत्र रूढ असलेल्या यूटीएफ-८ मध्ये तीन लागतात, आणि ‘मराठी’ एवढा शब्द पंधरा बाइटांचा होतो. मोबाइलच्या एका लघुसंदेशात रोमन अक्षरे १६० मावतात, मराठी अवघी ७०, कारण तेथे रोमन अक्षराला सात बिट पुरतात आणि देवनागरीला सोळा लागतात. वेबवर मात्र हा अन्याय पुष्कळसा धुऊन निघतो : देवनागरीच्या तीन बाइटांपैकी पहिला नेहमी एकच असतो आणि दुसरा दोहोंपैकी एक, म्हणून कोणतीही बरी पद्धत त्यांचा भार जवळपास नाहीसा करते. ब्रॉटलीने तर २०१६ च्या आपल्या नियमावलीत सुमारे १२० किलोबाइटचा एक तयार कोशच समाविष्ट केला असून त्यात इंग्रजी, स्पॅनिश, चिनी, रशियन, अरबी यांच्या पंक्तीला हिंदीचे शब्दही आहेत. क्रोम ब्राउझरने २०२४ पासून पृष्ठाची जुनी आवृत्तीच नव्या आवृत्तीचा कोश म्हणून वापरण्याची सोय केली. छापील संकेतकोशाची मूळ कल्पना, जी झिव-लेम्पेल यांनी अनावश्यक ठरविली होती, तीच अशा रीतीने पुन्हा प्रतिष्ठित झाली. आणि तसे होण्याचे कारण उघड आहे, कारण आरंभीच्या काही किलोबाइटांत स्वतः घडविलेल्या कोशाला अजून काही ठाऊकच झालेले नसते.

आता हिशेब मिटवावयाचा. दूरची तार भाड्याने घेणाऱ्या संस्थेने प्रथम आपली वाहतूक तपासावी. ती बहुतांशी चित्रफितींची किंवा कुलूपबंद असेल तर मध्ये बसविलेले कोणतेही यंत्र चौपट वेगाचे आश्वासन पाळू शकणार नाही, मग त्याच्या माहितीपत्रकात काहीही छापलेले असो. तक्रार अंतराची असेल तर पैसा प्रश्नोत्तरांच्या फेऱ्या कमी करण्यावर किंवा मजकूर वाचकाच्या जवळ आणून ठेवण्यावर खर्चावा. तार खरोखरच अरुंद असेल, जहाजावर, डोंगराळ मुलखात, उपग्रहाच्या दुव्यावर, तर मथळ्यांचे संक्षेपण आणि बदल तेवढेच पाठविणाऱ्या पद्धती आजही खर्च भरून काढतात. बाकी सर्व ठिकाणी घडी घालण्याचे काम ज्याने मजकूर निर्माण केला त्याच्याच स्वाधीन करावे, कारण त्यात काय टाकता येते, काय मागे येऊन गेले आहे आणि काय गुप्त ठेवावयाचे आहे हे त्यालाच ठाऊक असते; मधल्या तारेला या तिन्हींपैकी एकाचाही पत्ता नसतो. गुपित आणि परक्याने घुसविता येईल असा मजकूर मात्र त्यानेही एका घडीत कधी ठेवू नये. तारांचे दर यापुढे आणखी उतरतील, यंत्रे आणखी चपळ होतील आणि या ताळेबंदातील आकडे वारंवार पुसावे लागतील. पण अर्थ जाणणाऱ्या टोकापाशीच संक्षेप करावा, हा दीडशे वर्षांच्या व्यवहारातून निघालेला निष्कर्ष केवळ दर बदलल्याने फिरणारा नाही.